सावडीचे पैसे

मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पांनी माझ्या भाकरी पत्रकात बांधल्या. आमच्या घरात दुसरा कागद नसायचाच. शेतमजुरांच्या सभांची पत्रकं आप्पा कर्जतहून छापून आणायचे, उरलेली घरी पडून राहायची, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. भाकरीभोवतीच्या कागदाची छापील बाजू बाहेर आली होती : घामाला दाम मिळालाच पाहिजे. एसटी आली तेव्हा आप्पा म्हणाले, "फुकट राबू नको कुठं." आई म्हणाली, "कुनाच्या कामाला हात लावायला लाजू नको." मला वाटलं, दोघं एकच सांगतायत.

तुमच्यापैकी जे गावाकडेच राहिलात ते फोनवर विचारता, पुण्यात बरं आहे ना? जे माझ्यासारखे इकडे आलात ते विचारत नाही. तुम्हाला माहीत आहे. पगार हातात येतो तोच भाड्याचा घास काढून. मग मेंटेनन्स, पाण्याचा जार, रिक्षा, आणि गावी शेजारणीच्या वाफ्यातून नुसतं सांगून आणायची ती मेथीची जुडीसुद्धा विकत. गावी भाडं नाही, दूध घरचं. पण चैत्रात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, आणि कुणी आजारी पडलं की आधी गाडी शोधायची, मग डॉक्टर. दोन गावांची नावं टाकली की कुठे राहणं स्वस्त ते सांगणारी पानं इंटरनेटवर असतात. मी एकदा टाकून पाहिली. पुणे लगेच आलं. आमचं गाव सापडलंच नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी आईच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गावाहून त्यासाठी नगर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. माझ्या बिल्डिंगपासून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. मी तिला घेऊन आले. आप्पा गायींपाशी राहिले. यंत्र जिथे, माणूस तिथे, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं आणि प्रश्न सुटला असं समजले.

आमच्याकडे बायका सावडीने काम करतात. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पैसे कुणी कुणाला देत नाही; जिची पाळी राहिली ती लक्षात ठेवते, बस. समोरच्या फ्लॅटमधल्या मंजिरीताईंनी वर्षाचा गहू भरला, तेव्हा आई आपणहून तिकडे गेली. चार दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बसून दोघींनी गहू निवडला. आई खुश होती. त्यांचे आमटी बिघडल्याचे किस्से मला रोज सांगायची आणि हसायची. मग तिने उडदाचं पीठ आणवलं, पापडाचं भिजवलं, दोन पोळपाट समोरासमोर मांडले आणि दार उघडं ठेवून बसली.

मंजिरीताई आल्या. दारातच उभं राहून त्यांनी आईच्या हातात पाकीट दिलं. "मावशी, कुणाकडून फुकट काम करून घेणं मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "आणि बी विंगमध्ये दोघीजणी तुमच्याबद्दल विचारत होत्या. सांगू ना?"

त्या गेल्या. आईने पाकीट उघडून पाहिलं. "पैसं कशाचं हे?" तिने मला विचारलं. "म्हंजी त्या आता पापडाला येनार न्हाईत व्हय?"

मी चिडले, पण चिडायला समोर कुणी सापडेना. त्यांनी मजुरी बुडवली असती तर मी भांडले असते. त्यासाठीचे शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. त्यांनी तर आमच्या पत्रकात छापलं होतं तेच केलं होतं. मी खाली बसून पापड लाटायला घेतले. माझे पापड वेडेवाकडे होत होते आणि आई एरवीसारखी चिडवतही नव्हती.

महिनाभराने ती परत जायचं म्हणाली. इथे दवाखाना आहे, मी म्हणाले.

"हाय की," ती म्हणाली. "दोन दिस दवाखाना. बाकीचं दिस काय करू?"

आता ती गावाहून नगरला जाते. एकटी कधी नाही. शेजारची कौसामावशी, तिची सून, खालच्या आळीतली ताराबाई, आळीपाळीने कुणीतरी एसटीत तिच्याशेजारी बसतं आणि आपली त्या दिवसाची मजुरी बुडवतं. पुण्यात असं माणूस ठेवायचं तर दर ठरलेला आहे, अॅपवर दिसतो. म्हणून गाव थोर, असं लिहायला माझा हात धजत नाही. कांदा काढणीच्या हंगामात कुणाला सवड झाली नाही, एक खेप चुकली, आणि आईचे पाय आणि चेहरा एवढे सुजले की आप्पांनी लगेच मला फोन केला. यंत्र तालुक्याला असावं म्हणून त्यांनी पुन्हा पत्रक काढलंय. मजकूर मी लिहून दिला. चांगला लिहिला. आई तरी नगरलाच जाते.

खेप चुकल्याचं कळलं त्याच शनिवारी मी गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कौसामावशीच्या रानात. तिने आईसाठी इतके दिवस मोडले होते. ते कुणीतरी फेडायला हवे होते. मी सरीत बसून कांदे उपटू लागले. कौसामावशी उठून आली आणि माझ्या हातातली पात काढून घेतली.

"ऊठ बाई. सावलीत बस. पाव्हनी हायेस तू."

"मी आईची सावड करायला आलेय, मावशी."

ती रागावली नाही, हसलीही नाही. "तुझ्या आईची आमी धरलीया ध्यानात," ती म्हणाली. "तुझी कशी धरावी? तू फिरून येनार हायेस व्हय?"

मी बांधावर लिंबाखाली जाऊन बसले. तिच्या सुनेने मला चहा आणून दिला, कपबशीतून. बाकीच्यांनी स्टीलच्या पेल्यांतून घेतला.