सीताफळांची अढी

आज बायकोनं कच्ची सीताफळं गव्हात पिकत घातली आणि ते पाहून मला भूम गावाजवळची झाडी आठवली. दसऱ्याच्या सुमारास शाळेतल्या बाई आम्हा लहान पोरांना तिथं पानं ओळखायला नेत. झाडाखाली सापडलेली कच्ची फळं आम्ही दगडी बांधाच्या खबदाडात वाळला पाला घालून पिकत ठेवायचो. तीच आमची अढी.

एका दसऱ्याला असंच गेलो होतो. माझी धाकटी बहीण सुमी पालथी पडून, कोपरापर्यंत हात आत घालून फळं चाचपत होती.

"बाई, आत कुणीतरी फूफू करतंय," ती म्हणाली.

"सीताफळ लई तापलं असंल, तूबी फुंकर घाल की," मी म्हणालो. पोरं हसली.

बाई हसल्या नाहीत. पाल्यात विषारी घोणस बसते आणि अशीच फुत्कारते, हे त्यांना ठाऊक होतं.

"सुमे, हात हलवू नको. मी सांगंन तवा काढ," त्या हळूच म्हणाल्या आणि आम्हाला हातानंच मागं सारलं.

बऱ्याच वेळानं तो आवाज थांबला. बाईंनी सांगितल्यावर सुमीनं हळूच हात काढला, तर मुठीत पिकलेलं फळ होतं. बाईंनी ते घेऊन लांब फेकलं.

तेव्हा मला फळाचंच वाईट वाटलं. आता वाटतं, बाई घाबरून ओरडल्या असत्या, तर सुमीनं हात झटकला असता.