टॉवेलखालचं मशीन

दातवाल्या मॅडमनी मागच्या दिवाळीनंतर सेनगावचा दवाखाना बंद केला आणि त्या लातूरला मुलाकडे राहायला गेल्या. दात कोरायचं मशीन त्यांनी हिंगोलीच्या एका डॉक्टरला देऊन टाकलं. सोबत टॉवेलही दिला. लहान मूल दवाखान्यात आलं की मॅडम आधी त्या मशीनवर टॉवेल टाकत.

"कीड मारायची हाय, लेकरू न्हाई," असं त्या म्हणत. कोरडा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवत. "गुदगुल्या होतेत का?" मूल हसलं की तोंड उघडायचंच. मग किडका दात पुसून त्यावर औषधाचा थेंब लावत. कीड बहुतेक वेळा थांबायची, पण किडलेली जागा काळीकुट्ट व्हायची. हे त्या आधीच फोटो दाखवून सांगत. दात ठणकत असेल, हिरडी सुजली असेल तर औषध न लावता सरळ हिंगोलीला पाठवत. त्यांच्या ॲप्रनवर या औषधाचे काळे ठिपके असत. ते धुऊन निघत नसत.

माझी मुलगी परी चार वर्षांची असताना तिचा समोरचा दात किडला. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात धरून ती झोपायची. बाटली भरून देणारी माझी आई. मॅडमनी औषध लावलं. फोटो मी पाहिला होता, आईनं नव्हता. गल्लीत पोरं 'काळतोंडी' म्हणू लागली आणि परी तोंडावर हात धरून बोलू लागली. आईनं आम्हा दोघांना जीपमध्ये बसवून दवाखाना गाठला.

"म्याडम, लेकराच्या तोंडात डांबर काहून भरलं? कोरा अन् पांढरा करा."

"आजी, तुमी तोंड उघडा बरं."

आईनं उघडलं.

"तुमचे कशानं काळे झाले?"

"मिसरीनं."

"मग तुमचं चालतं?"

"माझं लगीन झालं बाई. हिचं व्हायचंय!"

मॅडम खुर्चीत बसून हसल्या. "लग्नापर्यंत हा दात ऱ्हातो व्हय? दुधाचा हाय. पडंपर्यंत सुखानं खाऊ द्या तिला." मग उठून त्यांनी मशीनवरचा टॉवेल काढला. "तरी म्हणत असाल तर कोरते."

मशीन सुरू झालं. परीनं आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

"बंद करा ते," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या काळा."

"बराबर. पर रात्रीची बाटली बंद. अन् तुमची मिसरीबी."

बाटली त्याच दिवशी बंद झाली. परतीच्या जीपमध्ये शेजारच्या बाईनं परीच्या दाताबद्दल विचारलं. "औषध हाय ते," आई म्हणाली, आणि परीचा तोंडावरचा हात तिनं खाली केला.

गेल्या महिन्यात तो दात आपोआप पडला. आईनं तो छपरावर टाकण्याआधी मला त्याचा फोटो काढून मॅडमना पाठवायला लावला. संध्याकाळी उत्तर आलं: "नवा दात दिसून राहिला का? आणि आजींची मिसरी?"

मी ते वाचून दाखवलं. आईनं पहिल्याच प्रश्नाचं उत्तर कळवायला सांगितलं.