चारी चाकांचा भरवसा

२०१४च्या ऑगस्टमध्ये मी नागपूर सोडलं, तेव्हा एअरपोर्टवर पोचवायला बाबांनीच गाडी काढली. पुढे बाबा आणि मी, मागे आई, माझा भाऊ नितीन आणि मांडीवर घेतलेली एक बॅग. वर्धा रोड बऱ्यापैकी रिकामा होता, तरी बाबांचा काटा चाळीसच्या वर जाईना. घड्याळ बघून बघून मी कावले आणि शेवटी म्हणाले, "बाबा, जरा दाबा ना." त्यांनी आरशात मागचा ट्रक पाहिला, त्याला पुढे जाऊ दिलं आणि म्हणाले, "पोचाचं हाये ना? मंग पोचतो." एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. चिखलदऱ्याच्या घाटात त्यांची गाडी कधी कुठे घासलीसुद्धा नाही, आणि त्याबद्दल मिळालेला बिल्ला आईनं देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे. मी मात्र त्या दिवशी मनात म्हणत होते, सुटले एकदाची या चाळीसच्या वेगातून.

इकडे परदेशात आल्यावर वेग मिळाला, पण संसाराचे दोन तुकडे झाले. शिरीषला ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी, मला रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात. मध्ये दोन तासांचा रस्ता. आठवडाभर तो तिकडे एका खोलीत, मी इकडे कॅरिगलाइनला भाड्याच्या घरात, आणि शनिवार-रविवार एकमेकांच्या स्वयंपाकघरात. हळूहळू मी कपाटाला प्रेस म्हणायला लागले, आणि कुणी कसं चाललंय विचारलं की विचार न करता 'ग्रँड' म्हणायला लागले. नागपूरला फोनवरही ग्रँडच. माझ्यासारखे इकडे आलेले जे कुणी हे वाचतील, त्यांना हा शब्द किती सोयीचा आहे ते ठाऊक आहे.

२०१७च्या हिवाळ्याआधी आम्ही ती गाडी घेतली. हायब्रिड एसयूव्ही, आत चामड्याच्या गरम होणाऱ्या सीट. पुढची चाकं इंजिनावर, मागच्या चाकांना स्वतःची वेगळी इलेक्ट्रिक मोटर. पडद्यावर गाडीचं चित्र यायचं आणि कुठल्या चाकाला किती ताकद जाते आहे ते बाणांनी दिसायचं. रस्ता ओला असला की चारी चाकं उजळायची. शोरूममधला माणूस म्हणाला होता की हिवाळ्याची चिंता सोडा. कारखान्यात माझं काम काय, तर यंत्रांची तपासणी. कुठल्या तापमानाला, कुठल्या परिस्थितीत यंत्र तपासलं हे कागदावर दिसल्याशिवाय मी सही करत नाही, त्यावरून लोक माझी चेष्टा करतात. त्या गाडीला मी एक प्रश्न विचारला नाही.

प्रश्न विचारला तो बाबांनी. २०१८च्या फेब्रुवारीत ते एकटेच आले, आईला थंडीची धास्ती. गाडी पाहिल्या पाहिल्या म्हणाले, लिंबं आण. इथली लिंबं पिवळीधमक, मेणानं चकचकीत. ती चार चाकांखाली ठेवताना ते गुडघ्यावर बसले, टायरच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि मान वर करून म्हणाले, "बर्फाचे टायर येगळे असतात काय वं?" मी हसले. "बाबा, चारी चाकांना पॉवर आहे. बाकी कॉम्प्युटर बघतो." ते गुडघे झटकत उठले. लिंबं चिरडली, आम्ही पेढे खाल्ले.

पंधरा दिवसांत बर्फ आला. इथे असा बर्फ पडत नाही, त्यामुळे सगळा देश घरात बसला. दुकानांतून पाव गायब झाला. आमच्याकडे दहा किलो कणीक होती, म्हणून मी ऐटीत. शिरीष तीन दिवस हॉस्पिटलातच अडकला होता, तिथेच झोपत होता. बर्फ थांबला, घराबाहेर पडू नका ही ताकीद उठली, आणि मी पोळ्या आणि पाटवडीचा रस्सा डब्यात भरला. शिरीष फोनवर म्हणाला, "येऊ नकोस, रस्ता वर खराब आहे, मी ग्रँड आहे." आजवर मी सगळ्यांना सांगत आले की नवऱ्याची काळजी वाटली. खरं कारण आज लिहिते. मला बाबांना ती गाडी बर्फात चालवून दाखवायची होती. चाळीसचा काटा माझ्या मनातून गेलाच नव्हता.

मॅक्रूमपर्यंत रस्ता साफ होता. पुढे तो डोंगर चढतो आणि केरी जिल्ह्याची हद्द लागते. तिथे चढावर पाच-सहा गाड्या चाकं फिरवत जागच्या जागी उभ्या होत्या. आमची त्यांच्या बाजूनं हूं की चूं न करता वर गेली. पडद्यावर चारी चाकं उजळलेली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "पाहिलं बाबा?" मी म्हणाले. बाबांनी वरचं हँडल धरलं होतं. ते पडद्याकडे पाहतच नव्हते, रस्त्याकडे पाहत होते. "चढली," ते म्हणाले, "आता उतार हाये."

उतारावर वळण आलं तेव्हा मी ब्रेक दाबला. पायाखाली कटकट आवाज आला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी चालत राहिली. जोरात नाही. माणूस धावतो तितक्याच वेगानं ती शांतपणे डावीकडे, दगडी भिंतीकडे निघाली. मी स्टिअरिंग फिरवत होते आणि ती माझं ऐकत नव्हती. बाबा ओरडले नाहीत. त्यांचा उजवा पाय तेवढा, समोर ब्रेक नसताना, खाली दाबलेला मला दिसला. त्यांच्या बाजूचा दरवाजा भिंतीवर आदळून आत आला. डाव्या दंडाचं हाड मोडलं.

एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. अॅम्ब्युलन्स बोलावून, बाबांच्या अंगावर स्वतःचा कोट घालून झाल्यावर त्यानं वाकून चाकाला हात लावला. "समर टायर्स, गर्ल," एवढंच म्हणाला. ते मऊ बोलणं मला अजून ऐकू येतं. चारी चाकांची ताकद गाडी पुढे न्यायला होती. थांबवायला होतं ते फक्त रबर, आणि ते उन्हाळ्याचं होतं. बाबांनी अंगठ्यानं जे ओळखलं होतं, ते मी कॉम्प्युटरवर सोडलं होतं.

ट्रलीच्या हॉस्पिटलात प्लास्टर झाल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. मी रडत होते. ते म्हणाले, "घरी सांगू नको. पोरीनं ठोकली म्हणतीन. मंग तुले कोणी गाडी हातात घेऊ देणार नाही." आणि माझ्यासमोरच त्यांनी नितीनला फोन लावला. अंगणात गेलो, बर्फ पाहाले, अन् सटकलो. पलीकडून आई चिडली, म्हाताऱ्याला या वयात बर्फात नाचायची हौस! बाबा हसले. मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. शिरीषलाही गप्प बसवलं.

नितीन, आई, हे मी तुम्हाला लिहिते आहे ते त्या गप्प बसण्याबद्दल. वर्षभर मी त्याला बाबांची माया म्हणत होते आणि आरामात होते. 'बर्फात नाचणारे आजोबा' ही तुमची चेष्टा फोनवर ऐकून मीही हसायचे. मग नितीन, तू बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीस, तेव्हा मी म्हणाले, चांगलं केलंस. मग त्यांचं एकट्यानं बाजारात जाणं बंद झालं. मग गच्चीला कुलूप. तोल जातो, पाय घसरतो, भरवसा नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी लाज आडवी यायची. मागच्या रविवारी तू ग्रुपवर फोटो टाकलास. बाबांची गाडी धुऊन उभी, काचेवर 'विकणे आहे'. खाली लिहिलंस, "बर्फात पडल्यापासून रिस्क नको." फोटोच्या कडेला बाबा आहेत, दुसरीकडे तोंड करून. मी त्या फोटोकडे इतका वेळ पाहिलं की फोन काळा झाला.

नितीन, बाबा पडले नव्हते. त्यांचा पाय सटकला नाही, तोल गेला नाही, ते त्या दिवशी अंगणात उतरलेसुद्धा नाहीत. गाडी मी चालवत होते. शिरीष नको म्हणत असताना मी नेली आणि मी ठोकली. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही हे खरं, पण गिअर कुणाच्या खांद्याच्या वर नसतो. हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. बाबा मध्येच थांबवतील, हात हलवून खोटं आहे म्हणतील. तू वाचत राहा.

काचेवरचा कागद आजच काढ. मी अठरा डिसेंबरला पोचते. पाच वर्षांत दरवेळी तू टॅक्सी पाठवतोस, टॅक्सीनं लवकर घरी पोचता येतं म्हणून मीच तुला तसं सांगितलं होतं. या वेळी टॅक्सी नको. मला घ्यायला बाबांनी यावं, ती गाडी घेऊन, एकट्यानं. घर म्हणून आता मला तेवढा एक रस्ता हवा आहे, वर्धा रोड, काटा चाळीसवर, आणि मागून भोंगा वाजवणारा ट्रक. मी दाबा म्हणणार नाही.