वाणाच्या पर्सा

बायका पैसे कुठं ठेवत आल्या, हा मोठा इतिहास आहे. आधी लुगड्याच्या कनवटीला, मग चंचीत पानसुपारीशेजारी, मग पोलक्यात. पुढं नागपुरात धरमपेठेतल्या बायकांच्या हातात पर्स आली, पैसे मात्र नवऱ्याच्या खिशातच राहिले.

हे इतवारीतल्या बायजाबाईच्या पथ्यावर पडलं. नवरा गेल्यावर ती उमरेडच्या हातमागाच्या तुकड्यांतून पर्सा शिवू लागली. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला महिला मंडळाच्या शोभाताईंनी हळदीकुंकवात वाण लुटायला तिच्याकडूनच पर्सा घेतल्या. फुगीर दिसाव्यात म्हणून बायजाबाईनं आत रद्दी कोंबली, अस्तर शिवून टाकलं. वाण लुटून झालं.

मग घरी उरलेली एक पर्स तिनं सहज उघडायला घेतली, तर चेन ओढायची पट्टीच सापडेना. घाईत चेन उलटी बसवली होती. पट्टी आत, रद्दीपाशी. सगळ्याच पर्सा तशा.

मंडळात हसं झालं की पुढचं काम गेलं, आणि मशीनवर कापड झाकून बसायची पाळी. गाजावाजा न होता बदलून द्याव्यात म्हणून नव्या पर्सांचं गाठोडं घेऊन ती धरमपेठेत गेली.

शोभाताई म्हणाल्या, कशाला बदलायची? रोज वापरते मी. किल्ल्या, रुमाल, अत्तर, सगळं हिच्यातच. आणि पर्स टेबलावर ठेवली, तर आतली रद्दी कुरकुरली. बायजाबाईनं चहाच्या कपात पाहिलं. शेजारच्या पुष्पलताबाईंनी तर चेन लोण्यासारखी सरकते म्हणून सांगितलं. दारोदार हेच. बायजाबाई भरलं गाठोडं घेऊन परतली. अब्रू वाचली होती, पण जेवण काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुमती आली. कामठीहून बसनं ड्यूटीवर येणारी नर्स. तिलाही ते वाण मिळालं होतं. पर्सची कड तिनं ब्लेडनं चिरली होती.

"मावशी, आत जाची वाट कोणीकडून ठेवली वं?"

बायजाबाई आधी ओशाळली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की सुमतीलाच पाणी आणून द्यावं लागलं. हिच्या पर्सेत काय काय राहतं, ते तिनं नीट विचारून घेतलं. डबा, बसची चिल्लर, औषधाची पुडी. त्या मापानं कापड बेतलं.

तेवढ्यात शोभाताईंचा निरोप आला. भाचीच्या लग्नात द्यायला तशाच पर्सा हव्यात, आणि तातडीनं.

सुमती उठायला लागली. म्हणाली, मोठं काम आधी करून घ्या, माझं होईल नंतर.

बायजाबाईनं तिला हाताला धरून बसवलं.

"बस वं. तुही पर्स आधी. त्यायले कोठं उघडाची हाय?"