दहा मिनिटं पुढे चालणारा दूध संघ

जागृती मंचरजवळच्या एका दूध संघात कॉम्प्युटर सांभाळते. सासरे पुनमचंद यांचं पेठेत कापडाचं दुकान. सुनेनं तिथंच बसावं, असं त्यांना लग्नापासून वाटतं. "कर नोकरी," ते म्हणाले होते, "पण पहिली तक्रार आली की दुकानात."

त्या सकाळी संघातलं एकही मशीन उघडेना. आदल्या दिवशी तिनं जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता. कुणाचं नाव, कुठला पासवर्ड, हे तपासून माणसांना आत सोडायचं काम आता नव्याचं. नवा कुणालाच सोडत नव्हता. जुना तिनं पुसून टाकला होता, त्यामुळे परत जायची सोय नव्हती. वजनकाट्याचं मशीन बंद, म्हणून टँकरची नोंद नाही. नोंदीशिवाय दूध उतरवायचं नाही, हा नियम.

महाळुंगे पडवळहून टँकर घेऊन आलेला गोरख खिडकीशी आला. "मॅडम, ऊन चढलंय. आता दूध न्हाई, दहीच उतरवू का?"

तिनं पासवर्ड बदलले, वायरी काढून लावल्या. एकदा तर ती टेबलावर डोकं टेकून नुसती बसून राहिली. मग सहज मोबाइल बघितला, आणि काट्याच्या मशीनचं घड्याळ. मशीन दहा मिनिटं पुढे होतं. सगळीच होती. नव्या सर्व्हरची वेळ बरोबर. एवढा फरक दिसला की तो समोरच्या मशीनला तोतयाच समजतो, आत सोडत नाही.

"दादाभाऊ, घड्याळं पुढं कुणी केली?"

ऑफिस सांभाळणारे दादाभाऊ हसले. "आमीच. मानसं उशिरा येत्यात, राव! घरी न्हाई का ठेवत आपण पुढं? जुन्या इंजिनियरनं जुन्या सर्व्हरातच तसं बसवून दिलं व्हतं."

"मला सांगायचं तरी!"

"घड्याळाचं काय सांगायचं? नव्यालाबी घ्या की पुढं."

"नवा बँकेशी जोडलाय. त्याची वेळ हलवली तर तिकडचं बंद पडेल."

एकेक मशीन बंद-चालू करून वेळ हातानं मागं घ्यायची, एवढंच उरलं होतं. काट्याचं तिनं आधी घेतलं. पासवर्ड चालला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात गोरख परत आला.

"तपासणीत दूध नापास केलं. आंबलंय."

दादाभाऊ फोनवर अध्यक्षांशी बोलत होते. "मॅडमच्या नव्या सर्व्हरनं घोळ केला, साहेब."

जागृतीनं फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "साहेब, सगळ्या मशीनची घड्याळं दादाभाऊंनी पुढं करून ठेवली होती. त्यानं झालं हे."



"मीच सांगितलं होतं त्यांना," अध्यक्ष म्हणाले. "बाकीची मशीनं नीट करा. मग घरी जा. उद्या आमी कळवतो."

फोन दादाभाऊंच्या हातात देऊन ती हिशेबाच्या मशीनकडे गेली. सासऱ्यांची ती पहिली तक्रार आली होती. मागून गोरख कुणाला तरी विचारत होता, हे एवढं दूध आता ओतायचं कुठं?