धरून की सोडून

‘पर्यंत’ या शब्दाला जगात कुणी घाबरत असेल, तर तो आमच्या कुरियर ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. ऑफिस उल्हासनगरात, कॅम्प चारला. मोबाइल फक्त शेठकडे होता, तेव्हाची गोष्ट. ‘एक ते एकतीसपर्यंतची पार्सलं काढ’ म्हटलं की हा कीबोर्डवरचे हात उचलून विचारायचा, ‘एकतीस धरून की सोडून?’ कारण एकदा यादी काढायला त्याने कॉम्प्युटरला दिलेल्या क्वेरीतून महिन्याचा शेवटचा दिवसच गळाला होता. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, ‘अरे साईं, लास्ट दिन का माल किधर गया?’ कॉम्प्युटरला वेळ न सांगता नुसती शेवटची तारीख दिली, तर तो दिवस सुरू होताच दार लावून घेतो आणि दिवसभराची पार्सलं बाहेर राहतात. तेव्हापासून हा पुढच्या महिन्याची एक तारीख टाकून ‘तिच्या आधीचं सगळं’ असं लिहू लागला, आणि माणसांच्याही मागे लागला. डॉक्टरांनी ‘शुक्रवारपर्यंत गोळ्या घ्या’ म्हटलं, तर दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरला. चामटोलीच्या मावशीने ‘सोमवारपर्यंत रहा’ असा आग्रह केला, तर तिलाही तेच विचारलं. मावशी म्हणाली, ‘तू आजच जा.’

शेजारच्या क्लासात कॉम्प्युटर शिकवणारी अंबरनाथची मुलगी मात्र त्याचं सगळं मन लावून ऐकायची. तारखांची ही भानगड तिला त्यानेच शिकवली. दोघांचं जमलंय हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं, फक्त तिच्या घरी बोलायचं राहिलं होतं. तिला स्थळ आलं तेव्हा ती म्हणाली, ‘बुद्धपौर्णिमेपर्यंत येऊन बाबांशी बोला. मग ते पाहुण्यांना शब्द देणार.’ तेवढ्या एका वेळी त्याने काही विचारलं नाही. आनंदात राहूनच गेलं.

पौर्णिमेच्या सकाळी पांढरा शर्ट घालून, आईने केलेल्या खिरीचा डबा घेऊन तो बदलापूरहून निघाला. मी सोबत होतो. पाहुण्यांना आदल्या संध्याकाळीच शब्द दिला गेला होता. ती दारात आली, डबा घेतला आणि हळूच म्हणाली, ‘काल वाट बघितली. तुम्हीच शिकवलंत ना, नुसती तारीख दिली की तो दिवस धरत नाहीत.’ मला आजही त्याचं फार वाईट वाटतं. परतताना तो एवढंच म्हणाला, ‘तिचं बरोबर आहे रे.’

त्यानंतर त्याने तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. जिथे तिथे आदल्या दिवशी जाऊ लागला. माझ्या लग्नाच्या आदल्या दुपारी हॉलवर गेलो, तर खुर्च्या उतरवणाऱ्या माणसांमध्ये हा पांढऱ्या शर्टात बसलेला. म्हटलं, ‘अरे, लग्न उद्या आहे.’

‘माहितीये,’ तो म्हणाला. ‘बसतो ना.’