खाडीचा काठ आणि सुतळी

काल माळा आवरताना सुतळीचा गुंडा हाती लागला. नाकाशी धरला, तर खाडीच्या चिखलाचा वास अजून तसाच.

वळणात वळण, त्यात आणखी वळण असलेला आकार म्हणजे फ्रॅक्टल. पुस्तकात नसलेलं हे गणित नववीला शिकवायची मला तेव्हा भारी खुमखुमी. म्हणून एका ओहोटीला अख्खा वर्ग पनवेलच्या खाडीवर नेला. मुलांनी काठ आधी लांब काठीने मोजला, मग सुतळीने, प्रत्येक खाचेत शिरून. दुसऱ्यांदा तो जवळजवळ दुप्पट भरला. "माप जितकं बारीक, तितका काठ लांब!" घोटाभर चिखलातून मी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सुनंदाचे आजोबा वर्गाच्या दारात उभे. त्यांचं मिठागर खाडीला लागून होतं आणि जमिनीची सरकारी मोजणी तोंडावर आली होती.

"बाई, तुमच्या सुतळीनं काठ वाढतो म्हनं. मोजणीला तुमीच चला."

मी घाईघाईने फळ्यावर आकृती काढली. "आजोबा, काठ वाढतो, पण आतली जागा तेवढीच राहते."

त्यांनी आकृतीच्या वळणांवरून बोट फिरवलं. "म्हंजे बांध घालाया जास्त, नि मीठ तेवढंच?"

"हो."

"ह्ये आमाला ठाव हाय. दर साल आमीच घालतो. पोरांना चिखलात कशाला नेलंत?"

वर्ग खो खो हसला. मी डस्टर शोधू लागले.

आता खाडीच्या त्या काठावर काँक्रीटची सरळसोट भिंत आहे. काठीने मोजा, नाहीतर सुतळीने, तेवढीच भरते.